दुपारी चारच्या मनाचा सल्ला घेऊ नकोस

कराड,
रविवार

चि. ताई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, झालेलं काहीच नाही. कुणी बोललं नाही, पगार वेळेवर होतो, अंगात ताप नाही. तरी दुपारनंतर कशातच जीव लागत नाही. नुसती स्क्रीनकडे बघत बसते. मी आळशी झालेय, की हे कामच माझं नाही?" हा प्रश्न दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा नव्हता, आणि 'होईल सगळं ठीक' म्हणून तुझी बोळवण करणं माझ्या जिवावर आलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसलोय. एक कर, हे पत्र सकाळी वाच. दुपारी हातात पडलं तर तसंच पर्समध्ये ठेव.

आधी तूच सांगितलेला दिवस तुला परत सांगतो, कारण सांगताना तू घाईत होतीस. साडेनऊला टेबलाशी बसतेस. आरोग्यविम्याचे पहिले काही क्लेम भराभर निघतात. बिलात एकाच तपासणीचे पैसे दोनदा लागलेले तुझ्या नजरेला पडतात, तेव्हा स्वतःवरच खूश होतेस. साडेअकराला वरिष्ठांची एका ओळीची मेल येते, 'हे अजून पेंडिंग का?', आणि तोंडाची चव जाते. जेवताना मैत्रिणींत हसतेस. अडीचला परत बसलीस की डिस्चार्ज कार्डावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते. चारच्या सुमाराला राजीनामा, एमपीएससी, कराडला परत येणं, सगळं एकदम डोक्यात गर्दी करतं. साडेसहाला बाहेर पडतेस, गाड्यावरचे पेरू घेतेस, आणि रात्री बसमधल्या आजींचं सीटवरून झालेलं भांडण आम्हाला रंगवून सांगतेस. परवा ते ऐकून आई पोट धरून हसली.

आता तूच बघ. काम मुळातच तुझं नसतं, तर सकाळी दहालाही ते तुझं नसतं. तू आळशी असतीस, तर दोनदा लागलेली तपासणी तुझ्या डोळ्यांना दिसलीच नसती. जी गोष्ट घड्याळाप्रमाणे येते आणि घड्याळाप्रमाणे जाते, तिचा जाब आधी घड्याळाला विचारावा. स्वभावाला आणि नशिबाला मग.

हे मी ठामपणे लिहू शकतो, कारण माझी सगळी नोकरी माणसांच्या सकाळी आणि दुपारी बघण्यात गेली. स्टँडवरच्या कंट्रोलर केबिनमध्ये तू लहानपणी शाळा सुटल्यावर येऊन बसायचीस, तुला तिथली खिडकी आठवत असेल. सकाळी सातला कुणी विचारलं, "साताऱ्याची गाडी लागली का हो?" की वाहक हात वर करून फलाट दाखवायचा, वर "चला चला, जागा आहे" म्हणायचा. तोच वाहक, तोच प्रश्न, दुपारी तीनला: "बोर्ड वाचता येत नाही का?" प्रवाशांचंही तसंच. सुट्ट्या पैशांवरून भांडणं व्हायची ती सकाळच्या खच्चून भरलेल्या गाडीत क्वचित. ती व्हायची अडीच ते साडेचारच्या दरम्यान, निम्म्या रिकाम्या गाडीत. गर्दीने माणूस चिडतो असं आपण म्हणतो, पण मी तेवढ्या वर्षांत पाहिलं ते वेगळंच होतं.

आमचे एक जुने आगार व्यवस्थापक होते. त्यांचा शिरस्ता असा, की चालक-वाहकांच्या भांडणतंट्याची चौकशी सकाळी अकराच्या आत उरकायची. दुपारी कुणी तावातावाने बदलीचा अर्ज घेऊन आला, की ते अर्ज ठेवून घ्यायचे, त्याला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "उद्या सकाळी ये, तुझ्यासमोर सही करतो." सकाळी बहुतेक जण खालमानेने अर्ज परत मागायला यायचे. जे परत मागायचे नाहीत, त्यांचे अर्ज साहेब स्वतः शिफारस लिहून वर पाठवायचे. कारण जी अडचण सकाळीही तेवढीच राहते, ती खरी अडचण. एवढा शहाणा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

आणि चालक. लांब पल्ल्याचा चालक दुपारच्या गाडीने आला की आधी नळावर जायचा. तोंडावर पाण्याचे हबके मारायचा, टॉवेल ओला करून मानेवर टाकायचा आणि तसाच जरा वेळ उभा राहायचा. रात्री पुरेशी झोप झालेला, सुट्टी काढून ताजातवाना परत आलेला चालकही हे करायचा. झोपेमुळे होणाऱ्या अपघातांचे जे अभ्यास झालेत त्यांत मुख्यतः दोन वेळा पुढे येतात: रात्री दोन ते सहा, आणि दुपारी दोन ते चार. रात्रीचं कुणालाही पटतं. दुपारचं लोक जेवणावर ढकलतात. भात जास्त झाला की सुस्ती वाढते हे खरंच आहे, पण जेवण न केलेल्या माणसालाही दुपारची ही घसरण चुकत नाही. ती शरीराच्या घड्याळातच आहे.

हे घड्याळ मेंदूत आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. वीस हजारांच्या आसपास पेशी असतील त्यात. झोप, जाग, शरीराचं तापमान, कोणतं संप्रेरक कधी पाझरायचं, हे सगळं त्याच्या तालावर चालतं. पेशीच्या आतलं हे घड्याळ नेमकं कसं फिरतं ते शोधून काढल्याबद्दल २०१७ चं वैद्यकाचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना मिळालं. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालतं, म्हणून त्याला रोज सकाळच्या उजेडाने जुळवून घ्यावं लागतं. उजेडाचं पुढे लिहितो, कारण तुझ्या ऑफिसला खिडकी नाही हे मला केव्हाचं खुपतंय.

मनाच्या चढउताराबद्दलचा एक अभ्यास तर तुला पटेलच, तुमच्याच पिढीच्या साधनावर झालेला आहे. २०११ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ८४ देशांतल्या चोवीस लाख माणसांचं ट्विटरवरचं लिखाण तपासलं. कोण कोणत्या वेळेला आनंदाचे शब्द वापरतो, कोणत्या वेळेला नाही, एवढंच पाहिलं. सकाळी लवकर आनंद वर असतो, दिवस चढतो तसा तो उतरत जातो आणि रात्री परत वर येतो. नोकरीचा त्रास असेल असं म्हणावं, तर शनिवार-रविवारीही तोच आकार. फरक इतकाच, की सुट्टीच्या दिवशी सकाळची ती वरची वेळ जवळजवळ दोन तास पुढे जाते, कारण माणसं उशिरा उठतात. म्हणजे ज्या दिवशी कुणाच्या साहेबांची मेल येत नाही, त्या दिवशीही माणसाचं मन दुपारी खालीच जातं. चोवीस लाख माणसं काही एकाच वेळी आळशी नसतात, ताई.

आता मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते.

आपण धरून चालतो, की आधी काहीतरी घडतं आणि मग मन उदास होतं. पुष्कळदा क्रम उलटा असतो. आधी अंगात मरगळ येते. मनाला बिनकारणाची मरगळ सोसत नाही, म्हणून ते कारण शोधायला निघतं. आणि शोधायला निघालेल्या मनाला कारणांचा काय तोटा! वर्गातली मैत्रीण जर्मनीला गेली. रूममेटचं लग्न ठरलं. मावशीने परत स्थळाचा विषय काढला. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली आणि अजून भाड्याच्या खोलीत. ही सगळी कारणं सकाळी दहालाही तिथेच होती. तेव्हा ती तुला टोचली नाहीत, कारण तेव्हा अंगात हुरूप होता आणि मन काही शोधायला निघालेलं नव्हतं. दुपारी चारला तेच मन त्यातलं एक कारण उचलतं आणि तुझ्यापुढे असं ठेवतं, जणू आयुष्याचा निकाल लागला.

तेव्हा त्या वेळी मनाशी वाद घालत बसू नकोस. वादात ते जिंकतं, कारण तू दमलेली असतेस. जे डोक्यात येईल ते एका कागदावर लिही. "नोकरी सोडावी." "मला काही जमत नाही." "सगळे पुढे गेले." जसंच्या तसं लिही आणि कागद ड्रॉवरमध्ये टाक. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काढून वाच. आमच्या साहेबांनी अर्ज ठेवून घ्यायचे, तसाच तू स्वतःचा अर्ज ठेवून घ्यायचास. सकाळीही ते वाक्य तेवढंच खरं वाटलं, तर त्याच्यावर विचार करू. मी तुझ्या बरोबर बसून करीन. आणि नाही वाटलं, तर ते त्या दुपारचं होतं.

त्या एका ओळीच्या मेलबद्दल. तुझ्या वरिष्ठांना ती लिहायला दहा सेकंदं लागली असतील, आणि तुझ्या दिवसातले दोन तास ती खाते. मला वाटतं तिला लगेच, साधं उत्तर द्यावं: कागद कुठे अडलाय, कधी होईल. उत्तर न दिलेली मेल मनात वाजत राहते.

पण ताई, घड्याळावर सगळं ढकलून मी मोकळा होणार नाही. तुझ्या कामातही एक गोष्ट अशी आहे, जिच्यामुळे माणूस आतून थकतो. तुझ्या कामाला शेवट दिसत नाही.

वाहकाचा दिवस कसा संपतो ते तू पाहिलेलं आहेस. ड्युटी संपवून गाडीतून उतरला की तो आधी वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुरं करतो. नोटा दहा-दहाच्या, वीस-वीसच्या लावतो, चिल्लर मोजतो, तिकिटांशी मेळ घालतो. मेळ बसला नाही तर कपाळाला आठ्या, परत पहिल्यापासून. मग खिडकीत भरणा करतो, मशीन जमा करतो, पावती खिशात घालतो. पावती खिशात गेली की त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसायचं. दिवसभर ज्याने प्रवाशांची बोलणी खाल्ली तोही सायकलला टांग मारताना शीळ घालायचा. आज दिवस वाईट गेला असेल, गाडीला प्रवासी कमी मिळाले असतील, तरी तो दिवस तिथे संपला. उद्या नवं वेबिल.

तुझ्याकडे सकाळी जितके क्लेम स्क्रीनवर असतात, त्याहून जास्त संध्याकाळी असतात. तू पंचवीस निकाली काढतेस आणि तीस नवे येऊन बसतात. निघताना तुझ्या हातात काय पडतं? उरलेल्याचा आकडा. दिवसभर राबून संध्याकाळी फक्त उरलेल्याचा आकडा बघायला मिळाला, तर कुणाचाही हुरूप जाईल. म्हणून तू तुझा भरणा करत जा. निघायच्या आधी थोडा वेळ काढ, एक साधी वही घे, आणि आज काय काय निकाली निघालं ते लिही. नुसते नंबर नको. त्यातल्या एखाद्या माणसाबद्दल एक ओळ लिही: सांगोल्याच्या आजोबांच्या मोतीबिंदूचे पैसे सुटले, रिक्षावाल्याच्या पोराचं अपेंडिक्सचं बिल मंजूर झालं. लिहून झालं की वही बंद, संगणक बंद, आणि ऑफिसची मेल फोनवर उघडायची नाही.

हे तुला उगीच गोड वाटावं म्हणून सांगत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आपला क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज दुपारी सव्वातीनला आला होता. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो, खिशातल्या कागदावर कुणाकडून किती उसने घ्यायचे त्याची यादी होती. मेसेज वाचला आणि ती यादी मी तिथेच फाडली. कुठल्या तरी ऑफिसात, कुणीतरी, अशाच एका रटाळ दुपारी, डोळ्यांवर झापड येत असताना आईचं डिस्चार्ज कार्ड नीट वाचलं होतं. ते कोण होतं मला कधीच कळणार नाही. पण तू या कामाला लागलीस तेव्हा मला आधी तेच आठवलं. तुझी कंटाळवाणी दुपार कुणाच्या तरी बाकावरच्या दुपारीला जोडलेली असते. हे रोज लक्षात ठेवणं जमत नाही, मान्य आहे. म्हणूनच वहीत लिहायचं.

कामाची मांडणीही जरा बदलता येईल. ज्या फायलीला डोकं लागतं ती सकाळीच घे, मेल तपासायच्याही आधी. फोन करणं, कागद मागवणं, पत्रं पाठवणं, असली हातापायाची कामं दुपारी अडीच ते चारमध्ये टाक. माणसाशी बोलताना झोप उडते. बिलाशी बोलताना येते.

आता उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात. ऑफिसातल्या दिव्यांचा उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर ढगाळ दिवसालाही तो काही हजार लक्स असतो, आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. आपल्या डोळ्यांना दोन्हीकडे सारखंच दिसतं, पण मेंदूतल्या त्या घड्याळाला फरक पक्का कळतो. तू सकाळी बंद बसमधून जातेस, दिवसभर ट्यूबलाइटखाली बसतेस आणि अंधार पडता पडता बाहेर येतेस. शरीराने दिवस उजाडला हे ओळखायचं कशावरून? सकाळी एक स्टॉप आधी उतरून चालत जा. जेवण झालं की खाली उतर आणि दहा मिनिटं इमारतीला फेरी मार. फोन वरच ठेवून जा. जेवणाच्या सुट्टीत तू रील्स बघतेस असं धाकटा म्हणाला. त्या वीस मिनिटांत तू परक्यांची लग्नं, परक्यांची घरं आणि परक्यांच्या सहली बघतेस, आणि तेच डोक्यात घेऊन दिवसातल्या सगळ्यात खालच्या वेळेला टेबलाशी बसतेस. ते बंद कर, एवढंच मी त्यावर म्हणेन.

चहा. तू म्हणालीस पाच-साडेपाचला एक कडक घेते, त्यावर दिवस निघतो. जागेपणी मेंदूत एक द्रव्य साठत जातं, त्याने झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याची वाट अडवतं. पण घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं. म्हणजे साडेपाचचा चहा रात्री साडेदहाला अर्धा जागाच आहे. मग झोप लागत नाही, लागली तरी कच्ची लागते, आणि दुसऱ्या दिवशीची दुपार आणखी जड जाते. शेवटचा चहा तीनच्या आत घे. सुट्टीच्या दिवशी दुपारी डोळा लागला तर वीस मिनिटांचा गजर लाव. तासभर झोपलीस तर उठल्यावर डोकं जास्त जड होतं, ते आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

या पुढचं आईने सांगितलंय, तिच्याच शब्दांत लिहितो. "तिला म्हणावं पाळीची तारीख लिहून ठेव, आणि कोणत्या दिवशी रडू येतं, कोणत्या दिवशी चिडचिड होते, तेही लिही. दोन-तीन महिने लिहिलं की तिचं तिलाच दिसेल." पाळीच्या आधीच्या चार-सहा दिवसांत संप्रेरकं एकदम उतरतात आणि मनही त्यांच्याबरोबर उतरतं, असं डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं. बापाने लिहावं की नाही म्हणून मी जरा थांबलो होतो. पण तुझ्या महिन्यातला आठवडा जर असा जात असेल, तर मला ते माहीत असायला हवं, आणि तू माझ्याशी ते बोलू शकतेस हे तुला माहीत असायला हवं.

आणि रक्त तपासून घे. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुमच्या टेबलावर जेवणाऱ्या चार मुलींपैकी दोघींना असू शकतो. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. बी-१२ तर प्राणिज पदार्थांतच मिळतं. आपण माळकरी, आपल्या जेवणात त्याला दूध-दह्याशिवाय दुसरी वाट नाही, आणि तू पुण्याला गेल्यापासून दूध सोडलंस. ही कमतरता हळूहळू होते. आधी दम लागतो, मग विसरायला होतं, मग कशातच उत्साह वाटत नाही, आणि माणूस समजतो आपला स्वभावच असा झाला. स्वभाव बदलायच्या आधी शंभर-दोनशे मिलिलिटर दूध आणि एक रक्ताची चाचणी करून बघायला काय हरकत आहे?

आता एक गोष्ट गंभीरपणे वाच. वर लिहिलं ते सगळं येऊन जाणाऱ्या उदासीबद्दल आहे. जी येते आणि जात नाही, ती वेगळी. दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, सकाळीसुद्धा मन खालीच राहिलं. पेरू घ्यावासा वाटला नाही. मैत्रिणींत हसू आलं नाही. भूक किंवा झोप पार बिघडली. आपण कुणाच्या कामाचे नाही असं सतत वाटायला लागलं, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे, डॉक्टर आहेत. आणि आपण नसलो तर बरं, असा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडे मोजायचे नाहीत. त्याच मिनिटाला मला फोन कर. रात्रीचे तीन वाजलेले असोत. मी आयुष्यभर रात्रपाळीचे फोन उचललेत. माझा लागला नाही तर १४४१६ ला लाव, हा नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं. आपल्याकडे असल्या गोष्टीला लोक नाटकं म्हणतात. आपल्या घरात हा शब्द कुणी उच्चारणार नाही, याची जबाबदारी माझी.

नोकरीचं शेवटी. बदलायची असेल तर बदल. माझा त्याला जराही विरोध नाही, आणि 'लागलेली नोकरी सोडू नये' असं मी म्हणणार नाही. फक्त महिनाभर ती कागदांची गोष्ट कर. ड्रॉवरमधल्या कागदांपैकी सकाळी दहाच्या परीक्षेत जेवढे टिकले तेवढे घेऊन घरी ये. एमपीएससी टिकली, तर क्लास, खर्च, कराडला राहून अभ्यास करायचा की पुण्यात, सगळं मांडून बघू. खोलीचा प्रश्न टिकला, तर तोही बघू. मात्र राजीनामा असा दुपारी चारला मेलमध्ये टाईप करून पाठवायचा नाही, एवढं वचन मला दे.

धाकटा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर आई नाचणीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि तूप पाठवतेय. वहीसुद्धा पाठवतोय, स्टँडसमोरच्या दुकानातली, लांबट, रेघांची. तुझ्या पर्समध्ये मावेल अशी बघून घेतली. रक्ताची तपासणी या आठवड्यात करून घे आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, मी इथे आपल्या डॉक्टरांना दाखवतो. पैसे तुझ्या खात्यावर कालच टाकलेत, परत पाठवू नकोस.

आईचे आशीर्वाद. उत्तर लिहायला वेळ नसेल तर लिहू नकोस, पण सकाळी आठच्या आत एकदा फोन कर. त्या वेळचा तुझा आवाज मला ऐकायचाय.

तुझे,
अण्णा